सुतकात वस्तरा नाही

माझे मिस्टर आलापल्लीला जंगल खात्यात रोजंदारीवर जीप चालवायचे. दिवसभर आदळून त्यांच्या माकडहाडाशी गाठ आली. सगळ्यांनी मूळव्याध ठरवली आणि त्यांनी वर्षभर ताक-सुरण खाल्लं. पू यायला लागल्यावर चंद्रपूरच्या सर्जनने सांगितलं, मूळव्याध नाहीच. बसून घासून केस कातडीत शिरलेत, आत नळी झाली आहे.

उपाय दोन होते. सगळा भाग कापायचा, जखम उघडी ठेवायची आणि ती भरेपर्यंत महिनोनमहिने पालथं पडायचं. नाहीतर जागा बधिर करून फक्त बारीक छिद्रं काढायची, नळीतले केस साफ करायचे आणि त्याच दिवशी घरी. इतके महिने घरी पडून राहिले असते तर जीप दुसऱ्याला गेली असती. आम्ही लहान ऑपरेशन केलं.

"जखमेजवळ केस वाढू देऊ नका," डॉक्टर मला म्हणाले. "ते आत गेले की मोठं ऑपरेशन करावं लागेल."

आठवडा झाला नाही तोच सासरे वारले. आम्ही वरोऱ्याकडच्या गावी गेलो. सुतकात दहाव्यापर्यंत घरातल्या पुरुषांच्या अंगाला वस्तरा लागत नाही. दोन खोल्यांत सगळी भावकी बसलेली. मिस्टर धान्याच्या कोठीच्या खोलीत पालथे. दुखणं कुठे आहे हे कोणाला सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद. मी गंजभर पाणी आणि वस्तरा घेऊन निघाले, तर थोरल्या नणंदेने दारातच अडवलं.

"वस्तरा कायले वं?"

शेवटी तिला सांगावंच लागलं.

"बाप जाऊन चार दिस नाई झाले अन् तू वस्तरा काढून राह्यली? दहाव्याला नदीवर काढतीन सगळ्याइसंगं."

"हे केस नदीवर कोन काढन, बाई? न्हावी?"

तिने वस्तरा घेतला आणि आपल्या पेटीत टाकला. आतून मिस्टर म्हणाले, "राहू दे. लोक काय म्हणतीन?"

"लोक जीप देतीन का तुमाले?"

"बाप गेला माहा. राहू दे म्हनलं ना."

सुतकाचं घर सोडून जाता येत नव्हतं. दोन दिवसांनी पट्टी उघडली तर जखमेच्या कडेला खुंट उगवलेले. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला काटे काढायचा चिमटा अडकवलेला होता. सुतकात चिमटा चालत नाही असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी कडी लावली, खिडकीशी त्यांना वळवलं आणि एकेक केस उपटायला घेतला. ते पोत्यात तोंड खुपसून कण्हत होते. बाहेरून नणंदेचा आवाज आला, "रडू द्या त्याले. मोकळा होईन."

दहाव्यापर्यंत रोज दुपारी हेच. चंद्रपूरला दाखवलं तेव्हा जखम कोरडी निघाली आणि मिस्टर जीपवर परतले. डॉक्टरांनी बजावलं, जीप चालवताय तोवर केस काढत राहा. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मी माहेरी गेले की आठवड्याच्या आत निरोप यायचा, घरी ये. कशाला, ते निरोप्याला ठाऊक नसायचं. मी पिशवी भरायची.