फुग्यांचं झाड

माझा आवाज गेला तेव्हा घरात सगळ्यांत आधी आनंद कोणाला झाला, हे सांगायची गरज नाही. आमचे हे सकाळी पेपर वाचत बसलेले असतात. मी स्वयंपाकघरातून काही विचारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे किती दिवस चालणार आहे?" काळजीनं विचारलं की आशेनं, ते मला अजून कळलेलं नाही.

पोळा आणि गोटमारीची जत्रा आटोपून शाळा उघडली त्या आठवड्यातली ही गोष्ट. घसा तसा वर्षभर धरलेलाच होता. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत बारावीचा वर्ग भरगच्च असतो, पंखे घरघरतात, आणि मालगाडी जाऊ लागली की वाक्य हातात धरून उभं राहावं लागतं. मी कधी उभी राहिले नाही, गाडीवर आवाज चढवत गेले. नागपूरच्या डॉक्टरनं नाकातून नळी घालून मला माझा घसा पडद्यावर दाखवला. त्यावर बारीक गाठी होत्या. "बोलणं बंद," तो म्हणाला, "कुजबुजसुद्धा नाही. तीन महिन्यांनी पाहू."

सौसरहून मी रोज बसनं येते. कंडक्टरला आता हातानं खुणा करू लागले. बाजारातली भाजीवाली मला मुकी समजली आणि मेथीची जुडी जरा मोठी देऊ लागली. मी ती दया निमूटपणे पिशवीत घातली. निमूटपणाचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं नाही, कारण दुसरा इलाजच नव्हता.

प्राचार्यांनी मात्र पहिल्याच दिवशी मार्ग काढून ठेवला होता. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय सापडला की त्यांचा चेहरा फुलतो. "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा नं. स्कॉलरशिपचं काम पडून आहे, पोर्टलवर नुसती माहिती भरायची. बोलायचं काम नाही. बारावीचं जीवशास्त्र मी पाहतो कोणाकडे द्यायचं ते."

मला निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. मला शिकवण्याशिवाय काही येत नाही आणि आवडतही नाही. त्या ऑफिसच्या खोलीत बसले तर मी पुन्हा वर्गात येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी घाबरले. त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून मी लिहिलं, "वर्ग सोडणार नाही."

"मग शिकवाल कशा?"

मी लिहिलं, "माइंड मॅपनं."

लिहिताना मलाच हसू येत होतं. कारण या माइंड मॅपची सगळ्यांत जास्त टिंगल मीच केली होती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे प्रशिक्षणांना तोटा नाही. त्यातल्याच एकात एका तरुण मुलानं आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. मधे एक फुगा, त्यात विषय, त्यातून रेघा, रेघांच्या टोकाला आणखी फुगे. सगळं ऑनलाइन, आणि लिंक पाठवली की वर्गातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसणार. मी मागच्या रांगेतून म्हटलं होतं, "गोल काढून रेघा मारायला इंटरनेट कशाला? खडू आहे की." सगळे हसले होते. तेव्हा आवाज होता माझा.

हे तंत्र मला शिकवलं माझ्या लेकीनं, पुण्याहून, फोनवरून. ती बोलायची आणि मी तिनंच दिलेल्या लॅपटॉपवर बटणं दाबायची. बोलता येत नव्हतं म्हणून आम्ही एक रीत ठरवली. मी फोनवर नखानं एकदा टकटक केलं तर "बरोबर, पुढे चल." दोनदा केलं तर "पुन्हा सांग." सुरुवातीला दोनदाच जास्त वाजायचं. "आई, तू मला पाढे शिकवताना कशी ओरडायचीस, आठवतं?" ती म्हणायची. मी उत्तरादाखल एकदा टकटक करायची.

तीच रीत मी वर्गात नेली. डस्टर टेबलावर एकदा आपटला की बरोबर, दोनदा आपटला की पुन्हा सांग. पोरांनी ती एका तासात उचलली. भिंतीवर प्रोजेक्टरनं मॅप पडायचा, मी एकेक फुगा उघडायची आणि पोरं तो मोठ्यानं वाचून समजावून सांगायची. शाळा मध्य प्रदेशातली म्हणून पुस्तक हिंदीत, पोरांची घरं मराठी, आणि परीक्षेतले शब्द असे की दोन्हीकडे कोणी बोलत नाही. म्हणून मी प्रत्येक जड शब्दाखाली एक फुगा घरच्या बोलीतला ठेवला. पोरं त्याला मॅप म्हणायचीच नाहीत. झाड म्हणायची. "मॅडम, आज झाड नाही उघडून राहिलं," असा निरोप वर्गाच्या ग्रुपवर यायचा.

वाचायचं काम हळूहळू एका मुलीकडे गेलं. पहिल्या बाकावर बसणारी, नदीपलीकडच्या सावरगावची, घरची संत्र्याची बाग. आवाज असा की मालगाडीलाही ऐकू जावा. मी फुगा उघडायचा आणि तिनं सांगायचं. कधीकधी ती माझ्याच लकबीत "हं, आता इकडे पाहा," म्हणायची, आणि वर्गात हशा व्हायचा. मला आधी राग आला. मग बरं वाटू लागलं. दुसऱ्याच्या घशातून आपण शिकवतोय ही कल्पना वाईट नव्हती.

मॅपमध्ये लिहायची परवानगी मी सगळ्यांना दिली होती. लेक म्हणाली होती, "आई, सगळ्यांना देऊ नकोस." पण मला वाटलं, मी बोलत नाही, निदान त्यांनी तरी बोलावं. पोरं बोललीही. "हे समजून नाही राहिलं," "हे कालच्याच सारखं दिसते," "मॅडम, सुट्टी कधी?" असे फुगे रोज उगवायचे. झाड फोफावलं. सावजी रस्शाची कृती एकानं पचनसंस्थेखाली लावली होती, ती मी मुद्दाम राहू दिली.

माझी सगळ्यांत आवडती फांदी संत्र्याच्या बीची होती. आमच्या मुलखात ज्यांच्या बागा आहेत ते जंबेरी लिंबाचं बी पेरतात आणि त्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरीच्या एकाच बीतून दोन-तीन रोपं उगवतात, हे इथलं शेंबडं पोरही पाहून असतं. पण का उगवतात, ते कोणी विचारत नाही. त्या बीत एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एकच आईबापाच्या मिलनातून आलेला असतो. बाकीचे नुसत्या आईच्या अंगातून फुटलेले, हुबेहूब तिच्यासारखे. पुस्तकात याला दोन ओळी आहेत. मी त्याखाली पंधरा-वीस फुगे लावले होते, बागेतल्या रोपांचे फोटो टाकले होते. बसमध्ये बसून, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून केलं होतं ते. इतकं मन लावून मी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं.

छमाही परीक्षा जवळ आली तशा तक्रारी सुरू झाल्या. झाड फार जड झालं होतं. स्वस्तातल्या फोनवर ते उघडताना फोनच बंद पडायचा. मी ग्रुपवर लिहिलं, "पाहते." आणि पाहिलं नाही. घरी गेल्यावर पाहण्याइतकी ताकदच उरायची नाही. न बोलता दिवस काढणं बोलून काढण्यापेक्षा जास्त दमवतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

सोमवारी सकाळी वर्गात झाड उघडलं आणि मी पडद्याकडे बघतच राहिले. मधला फुगा होता, मोठ्या फांद्या होत्या, पण निम्म्याहून जास्त झाड गेलं होतं. घरच्या बोलीतले फुगे गेले होते. सावजी रस्सा गेला होता. संत्र्याच्या बीची अख्खी फांदी गेली होती, बुंध्यापासून. एक फुगा काढला की त्याला लोंबकळणारे सगळे आपोआप जातात, तशी ती गेली होती.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. चेहरा खुललेला. "मॅडम, काल मी बसून झाड साफ करून टाकलं. आता सगळ्यांच्या फोनवर उघडून राहिलं."

मी ओरडायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. घशातून एक फाटका चिरका आवाज आला आणि मग काहीच नाही. मी फळ्याकडे वळले आणि खडूनं लिहिलं, "कोणाला विचारून?" एवढं लिहायला जो वेळ लागला त्यात निम्मा राग गळून गेला, आणि तेच मला जास्त लागलं. रागवायचं तर ते ताजं रागवता यायला हवं.

"मॅडम, मागच्या सगळ्या वर्षांचे पेपर समोर घेतले मी," ती सांगू लागली. आता तिचा आवाज जरा उतरला होता. "जे कधीच नाही आलं पेपरात, ते काढलं. घरी बाबा असंच करते. फळ तुटलं की पानसोट कापते. हिरवीगार फांदी राहते मॅडम, सरळ वर जाते, पण फळच नाही धरत. झाडाचं सगळं तेच खाते."

मी लिहिलं, "संत्रंसुद्धा?"

ती थोडी घुटमळली. "पेपरात नाही येत नं ते, मॅडम." आणि मग हळूच, "पण वाचल्याशिवाय एकही नाही कापलं. कापताना फांदी पाहावीच लागते."

तिचं म्हणणं चूक होतं हे मला माहीत होतं, पण ते खडूनं सांगण्याइतकं लहान नव्हतं. तेवढ्यात प्राचार्य फेरीवर आले. दारात उभे राहून त्यांनी पडदा पाहिला आणि खूश झाले. "वा मॅडम! आता कसं मोकळं दिसून राहिलं. आधी तर जंगल होतं."

लेकीला मी लिहून विचारलं, जुनं परत येईल का. ती म्हणाली, फुकटच्या खात्यात जुनी प्रत राहत नाही. "पुन्हा कर ना, आई. तुला येतं आता." येत होतं, पण मी केलं नाही. दमले होते मी. नागपूरच्या डॉक्टरनं पुन्हा नळी घातली आणि न बोलण्याची मुदत आणखी वाढवून दिली, त्यानंतर तर लॅपटॉप उघडायचीही इच्छा राहिली नाही.

छमाहीचा निकाल चांगला लागला. जीवशास्त्रात इतका चांगला कधी लागला नव्हता. मला वाटलं, आता वर्ग आपल्याच हातात राहिला. सुट्टीनंतर प्राचार्यांनी बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. खुर्ची पुढे केली की मला भीती वाटते.

"मॅडम, तुम्ही कमाल केली. तुमच्या झाडाची लिंक मी दुसऱ्या शाळांनाही पाठवून दिली. आता मॅप तयार आहे, तो कोणीही लावू शकते. एक अतिथी शिक्षक भेटला आहे, पोरगा चांगला आहे. तो लावेल, पोरं वाचतील. तुम्ही ऑफिसात बसा, घशाला आराम द्या. मी तुमच्या भल्याचंच सांगून राहिलो."

भल्याचंच सांगत होते, यात शंका नाही. मी कागद घेतला. "तो वर्ग माझा आहे," असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. कागदावर ते एखाद्या हट्टी मुलीनं लिहिल्यासारखं दिसत होतं. बोलले असते तर तसं वाटलं नसतं. मी तो कागद चुरगळून पर्समध्ये घातला आणि मान हलवली. वर्ग हातून जाऊ नये म्हणून जे केलं, त्यानंच तो गेला. त्या दिवशी बसमध्ये मी रडले. आवाज न करता रडायला मला आता काही वेगळं करावं लागत नव्हतं.

तेव्हापासून मी ऑफिसच्या खोलीत बसते. पोर्टल उघडतं, बंद पडतं, पुन्हा उघडतं. एक भली गोष्ट एवढीच की बारावीचा वर्ग भिंतीला लागून आहे. तो पोरगा झाड उघडतो आणि ती मुलगी वाचते. अतिथी शिक्षक फारसं बोलत नाही, बहुधा त्या मुलीला घाबरतो.

परवा तिसऱ्या तासाला मी माहिती भरत होते. पलीकडे फुलं, परागण, बी असं चाललं होतं. कापलेल्या झाडात यापुढे काही नाही, हे मला माहीत होतं. बी झालं की पुढचा धडा. पण ती थांबली नाही.

"आता इथं एक फांदी होती," ती म्हणाली. "मी कापली. पेपरात नाही येत ते, पण ऐका." आणि सांगू लागली. जंबेरीचं बी, एका बीतून दोन-तीन रोपं, फोटोत काय होतं, कुठल्या रोपाचं पान कसं. मी लावलेले फुगे, माझ्याच क्रमानं. माझे हात कळफलकावरून उठले.

"तर ही सगळी रोपं आईबाप दोघांची असते," ती म्हणाली.

टेबलावर शिक्का होता, लाकडी मुठीचा. मी तो उचलला आणि भिंतीवर दोनदा आपटला.

अतिथी शिक्षक काहीतरी विचारत होता, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

"नाही, नाही," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज भिंतीच्या अगदी जवळून येत होता. "चुकलं. एकच आईबापाचं राहते. बाकीची नुसती आईची. तिच्यातूनच फुटलेली."

मी शिक्का एकदा आपटला.