नववीचा वर्ग आणि लक्झेंबर्ग

पटसंख्या कमी म्हणून आमच्या आंबागडच्या शाळेतला नववीचा वर्ग बंद करायचा, पोरापोरींनी तालुक्याला, तुमसरला जायचं, असा शिक्षण खात्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढं येणार होता. पोरी तुमसरला जाणार नव्हत्या, घरी बसणार होत्या. हे साऱ्या गावाला कळत होतं, फक्त शिक्षण खात्याला कळत नव्हतं. म्हणून मी पत्रक छापलं: माध्यमिक शिक्षणावर फ्रान्सचं सरकार किती खर्च करतं आणि चिमुकल्या लक्झेंबर्गचं किती.

ग्रामसभेला आलेले खात्याचे साहेब पत्रक वाचून हसले. "एकूण खर्च तर फ्रान्सचाच मोठा. पैसा मोठ्यालाच जातो, तुम्हीच छापलंय!"

"खालची ओळ वाचा साहेब. एका पोरामागं लक्झेंबर्ग जास्त खर्च करतं."

मागून एका पोरीची आई ओरडली, "आमाले समजंल असं सांग ना बाबू!"

"काकू, धानाच्या मोठ्या बांधीत पाणी जास्त मावते. पण बांधी लहान हाय म्हणून तिच्यात पाणी उभंच नाही केलं, तं धान जगंल का?"

"काहून जगंल? वाळून जाते!" काकू उठून पुढं आल्या. "साहेब, मंग आमच्या पोरीले काहून कोरडं ठेवून राहिले तुमी?"

सभा खदाखदा हसली. प्रस्तावाविरुद्ध सगळे हात वर गेले आणि साहेबांनी तिथंच तो मागं घेतला.

सोमवारी नववी भरली. पोरींच्या शिक्षणाला खैरात समजणाऱ्यांनी येऊन ती बघावी!