साऱ्यांना सांगणारे मोठे बाबा

नांदुऱ्याच्या आमच्या घरी पाहुणे आले, की पोरांच्या फजित्या रंगवून सांगायचं काम माझ्याकडे. धाकट्या भावाची मुलगी शाळेतून एकदा चपला विसरून आली, ते मी दोन दिवाळ्या सांगत होतो. पाहुणे हसायचे, ती आत पळायची. मला वाटायचं, लाजते.

ती चौथीत असताना तिच्या आईला मोबाईलवर तिचे मेसेज दिसले. गेमवर कुणीतरी, 'मीही चौथीतच आहे' म्हणून तिच्याशी पंधरा दिवस बोलत होतं. आधी शाळा विचारली, मग फोटो मागितला. तिनं गणवेशातला पाठवला. मग धमकी आली, अजून फोटो दे, नाहीतर हा सगळ्यांना दाखवतो. त्या दिवसांत पोरीचं जेवण तुटलं होतं, आणि मी शहाणा तिला चिडवत होतो, "डायटिंग करून राह्यली काय वं?"

भावानं पोलिसांत तक्रार दिली, मेसेज थांबले. मी तिला जवळ घेतलं. "मले काऊन नाही सांगतलं, बाई?"

"मोठे बाबा, तुम्ही दिवाळीत साऱ्यायले सांगतलं असतं."

आता काही खुपलं, की ती आईला सांगते. हे चांगलंच झालं. पण मी खोलीत आलो, की बोलणं थांबतं. मग मी उगाच पाणी पितो आणि बाहेर जातो.

हे लिहू का, म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नाव नका टाकू."