चेपक्या नाकाची गौरी आणि माझी मर्दुमकी

गौरी परवावर आलेल्या. मी दूध घेऊन वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगकडे परत चाललेलो. गेटपाशी एक अनोळखी भय्या सायकलला पिशवी अडकवत होता आणि पिशवीतून पितळेचा मुखवटा डोकावत होता. नाकाचा शेंडा चेपलेला. ते नाक सातव्या वर्षी मीच जिन्यात पाडून चेपलेलं, त्यामुळे ओळख पटायला पंच बोलवावे लागले नाहीत.

"ए, किधर से उठाया ये?"

"इसी बिल्डिंग से, साहब. तीसरा माला."

तिसरा मजला आमचा! चोर असा सरळ पत्ता सांगत नाही, एवढी अक्कल माझ्या हातून दुधाच्या पिशवीबरोबर सांडली. "देवी चोरली रे!" असं बोंबलत मी त्याच्या कानाखाली आवाज काढला. आयुष्यातला पहिलाच. तोवर मी थपडा फक्त खाल्लेल्या.

मग काय, बिल्डिंग खाली उतरली. जिमवाले, पेन्शनवाले, सगळे. "ह्यांना इथे राहू दिलं हीच चूक!" कुणी हेल्मेट हाणलं, त्याचा ओठ फाटला. तो खाली बसला, पिशवी पोटाशी धरून. मुखवट्यांना लागू नये म्हणून उजवा हात आडवा धरलेला. सेक्रेटरींनी मांडवाचा बांबू त्याच हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. त्यानंतरही मी एक लाथ घातली.

"अरे मेल्यांनो, मी दिलेत उजळायला!" आई जिन्यावरून किंचाळत आली. दरवर्षीचा पॉलिशवाला दुकान बंद करून गेलेला, हा तिने नवा शोधलेला. मला सांगायचं राहिलं. क्षणात सगळे घरोघर. बांबूसुद्धा मांडवात परत.

आईने आणि मी त्याला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी मनगट बांधलं. "पॉलिश कर पाऊँगा?" त्याने तीनदा विचारलं. डॉक्टर एक्स-रेच बघत राहिले.

हवालदार आले. "किसने मारा?"

त्याने डाव्या हाताचं बोट माझ्यावर रोखलं. "और भी थे. पहले इन्होंने."

हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "पडला म्हणून लिहितो. आपल्या माणसाला कशाला त्रास?"

तासाभरापूर्वी त्या 'आपल्या माणसाला'वर माझी छाती फुगली असती. मी म्हणालो, "तो सांगतोय तेच लिहा."

वाचताना शूर वाटतं. खरं म्हणजे आई तोवर पोलिसांच्या नोंदवहीच्या टेबलाशी पोचलेली आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सावकाश सांगत होती.