समोर काय दिसतंय?

बाईंनी फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. “बोला. समोर काय दिसतंय?” एवढंच. कोण बोलतंय, कशासाठी, हे सगळं नंतर. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही हाच प्रश्न. तो बिचारा एकदा म्हणाला, “तुमचंच दार दिसतंय, बाई. उघडा आता.”

मी एकदा हिंजवडीतून फोन केला होता. ऑफिस सुटलेलं, रस्ता तुंबलेला, आणि बाईंकडे पोचायला उशीर होणार एवढंच मला सांगायचं होतं.

“बोला. समोर काय दिसतंय?”

“कंपनीची बस.”

“तिच्या पुढे?”

“दुसऱ्या कंपनीची बस.”

“मग जागा सोडू नका. बाटलीत पाणी किती आहे?”

आता हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर बाटली उचलून पाहिली होती. अर्धी होती.

तुम्ही रविवारी पाठीला पिशवी अडकवून गडकोट हिंडणाऱ्यांपैकी असाल, तर आमच्यासारखा एखादा गट तुमच्या माहितीचा असेलच. कुणी डोंगरात अडकलं की दोर घेऊन धावणारी आम्ही हौशी माणसं. मदतीसाठी एक फोन नंबर होता आणि तो आम्ही सगळीकडे वाटलाही होता. गंमत अशी की रविवारी तो फोन ज्याच्याकडे असायचा, तो स्वतःच कुठल्यातरी गडावर, रेंजच्या बाहेर! शेवटी आमच्यातल्या एकाला आपल्या विश्रांतवाडीच्या शेजारीणबाई आठवल्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय काठीच्या आधाराने चालायचा. “मी कुठे पळून जाणार आहे? द्या इकडे,” म्हणत त्यांनी फोन घेतला.

बाई आयुष्यात एकही गड चढल्या नव्हत्या. गड सोडा, पर्वतीसुद्धा नाही.

आणि तरी सह्याद्री त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता, तो असा कानाने. हरवलेला माणूस फोनवर जे जे सांगे, ते त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढून ठेवत. इथे तुटका बुरूज, इथे पाण्याचं टाकं, खाली पत्र्याची दोन घरं, वारा उजव्या गालावर. अशी शंभरेक पानं दोरीने बांधून बुद्धाच्या तसबिरीखालच्या कपाटात ठेवलेली असत. पुढच्या वेळी तिथेच कुणी अडकला की पान काढायचं आणि चष्मा लावायचा. “अहो, तुम्ही ढोरवाटेला लागलात. गुरं चरायला जातात, गड बघायला नाही. मागे फिरा, कारवीची झुडपं संपतात तिथे डावीकडे.” माणूस बरोबर वाटेला लागायचा.

आवाज तर त्या विसरायच्याच नाहीत. एका गृहस्थाने वर्षभराने दुसऱ्याच नंबरवरून फोन केला. तो ‘नमस्कार’ म्हणतोय तोच बाई म्हणाल्या, “मागच्या दिवाळीत घसाऱ्यावर, त्या सुट्या मुरमाच्या उतारावर, बसून रडत होतात ते तुम्हीच ना?” त्याने मुकाट्याने हो म्हटलं.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायचो. दहा-बारा जण, चहा, भाजलेले शेंगदाणे, आणि डोंगरातल्या गोष्टी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकतंच एक जाडजूड परदेशी पुस्तक वाचून काढलं होतं. रानात एकटं पडलं तर कसं जगायचं, असलं काहीतरी. काठीवर काठी घासून विस्तव कसा पेटवायचा, हे मी हातवारे करून सांगितलं. मी स्वतः करून पाहिलंय, असंही सांगितलं. चाळीस मिनिटं लागली, हाताला फोड आले, पण पेटला!

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “काडेपेटी भिजली होती का?”

“नाही.”

“विसरला होतात?”

“नाही, खिशात होती की.”

“मग घासत काय बसलात?”

सगळी खोली हसली. माझं तोंड एवढंसं झालं. घरी निघून जावं असं फार वाटत होतं, पण चहा हातात होता.

“राग आला? यावा,” बाई म्हणाल्या. “पण पराक्रम चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचे. इथे फक्त स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची.”

हा तिथला नियम होता. आणि खरं सांगतो, डोंगराबद्दल मी जे काही शिकलो ते त्या चुकांतून. एकजण अंगावर घमघमीत अत्तर फवारून गडावर गेला होता आणि आग्या मोहोळाने त्याला पार तळापर्यंत पोचवलं. सुजलेला ओठ सांभाळत त्याने ते सांगितलं तेव्हा आम्ही हसलो, पण त्यानंतर आमच्यात कुणी सुगंधी होऊन निघालं नाही. एकीने शिखरावर फोटो काढण्यात फोनची बॅटरी संपवली होती आणि वाट चुकल्यावर घसा बसेपर्यंत ओरडली होती. त्यावर बाईंचं म्हणणं, “शिट्टी ठेवा. तीनदा वाजवा, थांबा, ऐका. आणि फोन बंद ठेवून तासाने पाच मिनिटं उघडा. हरवल्यावर पहिलं काम कुठलं? बसणं. चालणारा माणूस शोधणाऱ्याच्या पुढे पुढे पळत असतो.”

सगळ्यांच्या चुका झाल्या की कुणीतरी विचारायचंच, “बाई, तुमची?”

“माझा नंबर शेवटचा,” त्या म्हणायच्या, आणि कपबश्या गोळा करायला लागायच्या.

माझा स्वभाव जरा चोंबडा आहे. लपवत नाही. जी बाई गड चढली नाही, तिची कसली आली चूक? कुणी म्हणे, काही नाहीच, उगाच भाव खातात. मला ते पटत नव्हतं.

मग माझ्यावरच पाळी आली. पावसाळा सरता सरता मी मुळशीच्या अंगाला एका घाटवाटेने एकटाच गेलो. आम्ही लोकांना एकटं जाऊ नका म्हणून सांगतो, ते ज्ञान घरी ठेवून गेलो. दुपारी तीनच्या सुमारास धुकं आलं. असं आलं की स्वतःचे बूट दिसेनात. फोनला जेमतेम रेंज होती.

“बोला. समोर काय दिसतंय?”

“बाई, मी बोलतोय. काहीच दिसत नाही.”

“काहीच नाही असं नसतं. पायाशी बघा.”

“दगड. एक खेकडा. आणि हो, पाणी आहे, ओढा आहे! बाई, ओढा खालीच जाणार ना? मी सरळ ओढ्यानेच उतरतो...”

“नाही!”

बाईंचा आवाज चढलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता. मी फोन कानापासून लांब धरला. पुढचं वाक्य आलं ते अगदी हळू, कापऱ्या आवाजात. “बसा. आहात तिथेच बसा. माझ्यासाठी बसा हो.”

बसलो. खाली चिखल, वरून ठिबक, आणि मनातल्या मनात बाईंना दोन शिव्याही घातल्या. दोन तासांनी धुकं विरळ झालं. चाळीस पावलांवर ओढा संपत होता. त्याच्या पुढे जमीनच नव्हती. कडा सरळ खाली कोकणात गेलेला. तेवढ्यात पायथ्याच्या वाडीतले एक काका शिट्टी वाजवत आले. “उठला न्हाई ना? बाई दर धा मिन्टाला इचारत्यात.”

दुसऱ्या दिवशी डझनभर संत्री घेऊन मी विश्रांतवाडी गाठली. बाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नको तो प्रश्न विचारलाच. “ओढा म्हटल्यावर तुम्ही एवढ्या का दचकलात?”

त्या एक संत्रं सोलायला लागल्या.

“हा फोन हातात येऊन महिना झाला होता,” त्या म्हणाल्या. “एका माणसाचा फोन आला. एकटा होता. नाव मी विचारलं नाही. ओढा दिसतोय म्हणाला. आमचं गाव सोलापूरकडचं, सपाट. आमच्याकडे ओढ्याने चालत राहिलं की गावच लागतं. मी म्हटलं, ओढा धरा, पोचाल. तो म्हणाला, थँक्यू ताई. नंतर तो फोन लागलाच नाही.”

“मग?”

“मग चार आठवड्यांनी तुमच्यातला एकजण इथेच बसून सांगत होता, ओढ्याने उतरलो आणि कड्यावर अडकलो. सह्याद्रीत ओढे असेच जातात म्हणे. मी तेव्हा चहा ओतत होते.”

त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या भागातल्या माणसांना कड्याखाली पाठवलं होतं. काही सापडलं नाही. पोलिसांना कळवलं, तर कुणी हरवल्याची तक्रारच नव्हती.

“म्हणजे पोचला की!” मी जवळजवळ ओरडलोच.

“ज्याचं कुणी नाही, त्याची तक्रार कोण देणार? सापडलं नाही म्हणजे सापडलं नाही, एवढंच.” मग त्या पहिल्यांदा चिडल्या. “तोवर गुरुवारी तुम्ही सगळे नुसत्या बढाया मारायचात. कोण किती तासांत चढला. ओढ्याची चूक कुणी आधी सांगितली असती, तर मला कळलं नसतं? म्हणून पराक्रम बंद केले. आणि मी आपणहून वाट सांगायचंही बंद केलं. आधी तुम्ही सांगा, समोर काय दिसतंय.”

तो नंबर त्यांनी जपून ठेवला होता. महिन्यातून एकदा लावायच्या. बंद असायचा. “कुणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “माझा नंबर आला की मीच सांगेन.” माझ्यासारख्या चोंबड्यानेही ते दोन वर्षं पोटात ठेवलं.

मग एका गुरुवारी, सगळ्यांच्या चुका झाल्यावर, कपबश्या गोळा न करता बाई म्हणाल्या, “आता माझा नंबर.” आणि पाच-सहा वाक्यांत सगळं सांगून टाकलं. खोलीत कुणी शेंगदाणासुद्धा चावत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “परवा फोन लागला. तो पोचला.”

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! शेजारचे बघायला आले. मी रडलो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? आम्ही प्रश्नांवर प्रश्न विचारले. कोण आहे, राहतो कुठे, एवढे दिवस फोन का बंद? बाई म्हणाल्या, “पोचला म्हटलं ना. चहा घ्या, गार होतोय.”

त्या उन्हाळ्यात बाई गेल्या. आठ दिवसांचं आजारपण. अखेरपर्यंत फोन उशाशी होता, आणि नंतर तो माझ्याकडे आला. त्यात नावानिशी साठवलेला एकच नंबर होता. नाव लिहिलं होतं, ‘ओढा’.

त्याला कळवायला हवं, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण तुम्ही ओळखलं असेलच. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी नंबर लावला.

“कोन बोलतंय?” आवाज साठीच्या पुढचा, रांगडा. मी बाईंचं सांगितलं.

“गेल्या व्हय त्या?” तो म्हणाला. “माजं मांजरी गावाला शेत हाय. हा नंबर मला नवा फोन घेतला तवा मिळाला. त्या बाई फोन करायच्या. ‘पोचलात का?’ येवढंच. मी म्हनायचो, राँग नंबर. त्या बरं म्हनायच्या आन् ठेवायच्या. चार-पाच डाव झालं. मला चैन पडंना. कुनाची तरी वाट बघत्यात, आन् आपन आपलं राँग नंबर, राँग नंबर. म्हनून येक दिस म्हनलं, व्हय ताई, पोचलो.” मग घाबरून, “चुकलं का वो माजं?”

“नाही हो. अजिबात नाही,” मी म्हटलं. पण डोक्यात काहीतरी भलतंच चाललं होतं. एकदा ऐकलेला आवाज वर्षाने ओळखणारी बाई. तीस वर्षं कानावर काढलेली. ती या आवाजाला फसली? शक्यच नव्हतं. मग गुरुवारी आम्हाला सांगितलं ते काय होतं? का या माणसाचंच मन राखलं? की आता कुणीतरी ‘पोचलो’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं? मला अजून ठरवता येत नाही.

“मग त्या काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“लई येळ कायच बोलल्या न्हाईत. मला वाटलं, कटला फोन. मग म्हनल्या, समोर काय दिसतंय?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी बांधावर हुबा हुतो. म्हनलं, ऊस हाय. गुडग्यायेवढा झालाय. तर इचारलं, पाणी आहे का त्याला? म्हनलं, हाय की, पाटाला सोडलंय, सरीसरीनं चाललंय. तवा हसल्या. म्हनल्या, बरं झालं. आता बसा निवांत.”

मी जिन्यात उभा होतो. तिथेच पायरीवर बसलो.