शिंपीण बरी का माकडं?

हनुवटीखाली मूठ टेकवून आक्का विचारायच्या, "तू शिंपीण का माकड?"

विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत शेजाऱ्यांकडं नवी सून आली, तिलाही त्यांनी पहिल्याच दिवशी हेच विचारलं. बिचारी घाबरून "शिंपीण" म्हणाली.

शिंपीण म्हणजे आवारातल्या अंजिराची पानं टाचून घरटं करणारं चिमुकलं पाखरू. माकडं म्हणजे गच्चीवरच्या माझ्या कुरडया पळवणारी लालतोंडी टोळी. तुम्हीच सांगा, यात तुलना कसली? शिंपीण गुणाची, माकडं मेली!

आक्का जतकडच्या, मेंढरांमागं जन्म काढलेल्या. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना फ्लॅटवर आणलं. मुलगा चांगला हो, गुडघ्याला मलमसुद्धा स्वतः लावायचा. पण तो आणि सून नोकरीला गेले की घर सुनं. मग आक्का माझ्या कुरडया राखायला गच्चीवर यायच्या. राखण कसली, निम्म्या स्वतःच माकडांना वाटायच्या.

"अहो आक्का, हाकला की!"

"खाऊ दे गं. लेकुरवाळी हाय ती."

शिंपिणीसाठी कठड्यावर लोकरीचा पुंजका ठेवायच्या, वर टोमणाही मारायच्या, "लय हुशार गं बया! पर घर बघ, आपल्यापुरतंच."

एकदा टोळी उड्या मारत पलीकडच्या गच्चीवर गेली. एक लंगडी म्हातारी माकडीण मागंच राहिली आणि ओरडायला लागली. आता हिचं काय, म्हणून मी बघते, तर दोघंतिघं परत आली. तिच्याजवळ बसली, तिच्या उवा काढल्या, आणि जिन्याच्या पत्र्यावरून तिच्या चालीनं तिला घेऊन गेली. आक्का कुरडयांचं ताट माझ्या हातात देऊन खाली गेल्या.

संध्याकाळी मुलगा माझ्या दारात. "काकू, तुम्ही तरी समजवा. आई गावी जाते म्हणते. इथं काय कमी आहे?"

आक्का मागंच उभ्या होत्या. "कमी काय बी न्हाई रं. तुजं घर लय झाक शिवलंयस. पर मी माकडाच्या जातीची. मला कळप लागतो."

मुलगा रुसला. खरं सांगते, मलाही आक्कांचा राग आला. माझी सोबत जात होती ना! शेवटी तोच त्यांना गाडीनं सोडून आला.

परवा त्यानं मला बोलावून व्हिडिओ कॉल लावला. "आई, करमतंय का?"

तिकडं फोन कुणी धरला होता कोण जाणे. लिंबाखाली डोक्यावर पदर घेतलेल्या कितीतरी बायका, सगळ्या एकदम बोलत होत्या. मेंढरांचा कालवा वेगळाच. "आई कुठाय?" तो ओरडला. कुणाला ऐकायला सवड नव्हती. मला मेलं रडूच यायला लागलं, आणि तो मात्र हसत होता. आम्ही दोघं डोळे फाडफाडून बघत होतो, पण त्यात त्याची आई कोणती, ते शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.