रिकामा डबा, बरा दवाखाना

महाडातला कुठला दवाखाना चांगला, हे आमची आत्या डबा हलवून सांगायची. पाटीवरच्या पदव्या तिला वाचता येत नव्हत्या, आणि आल्या असत्या तरी तिने त्यांना विचारलं नसतं. दवाखान्यात पडलेल्या माणसांना ती घरचे डबे पोचवायची. सकाळी भरलेला डबा द्यायचा, संध्याकाळी परत आणायचा आणि येता येता कानाशी धरून हलवायचा. आत आमटी डुचमळली की हिचा चेहरा उतरला. "डबा रिकामा आला की समजायचं दवाखाना बरा," ती म्हणायची. "मानूस सुधरला की आधी भूक लागते गो. तुमच्या मशीनला मागनं कळतं."

पोलादपूरकडचा निम्मा तालुका तिला विचारल्याशिवाय आजारी पडत नसे. एकदा कुडपणहून पाय मोडलेला एक बाप्या रिक्षात बसून आला तो दवाखान्यात न जाता थेट हिच्या दारात. आत्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली, पाय बघितला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "त्या दुसऱ्या माळ्यावरच्याकडं नको. डॉक्टर गुणी हाय, पन लिफ्ट नाय. मोडका पाय घेऊन जिना चढवतोस काय रे?" एवढी साधी गोष्ट त्या बिचाऱ्याच्या चार शिकलेल्या पुतण्यांच्या डोक्यात आली नव्हती.

नवा दवाखाना उघडला की ही काहीही झालेलं नसताना तासभर तिथल्या बाकावर जाऊन बसायची. काचेच्या दारांचा एक मोठा दवाखाना झाला, मधोमध माशांची पेटी. गावभर कौतुक. आत्या परत आली ती नाक मुरडत. "माशांना दोनदा खायाला घातलं. कोपऱ्यातली म्हातारी पानी मागत व्हती, तिच्याकडं कोन बघंना. मासा व्हायचं असंल तर तिथं जा." त्यानंतर आमच्या वाडीतलं कुणी तिथे गेल्याचं मला आठवत नाही.

आता आमच्याकडची एक खोड सांगायला हवी. घरात कुणी आजारी पडलं की आधी मुंबईला फोन जातो. मुंबईतला माणूस स्वतःच्या खोकल्याला नाक्यावरच्या दवाखान्यात रांग लावतो, पण फोनवर एकच हुकूम सोडतो, मुंबईला आणा. आमचा दादाही त्याच जातकुळीतला. एका सकाळी आमच्या वडिलांच्या, आबांच्या, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. दादा फोनवर म्हणाला, "थेट मुंबई. मध्ये कुठे थांबायचं नाही." आम्ही जीप काढली आणि निघालो. आणि अक्कल बघा आमची, महाडला थांबलो, तेही कशाला, तर वाटेत खायला आत्याकडून डबा घ्यायला.

आत्या डबा घेऊन जीपपाशी आली, तिने आपल्या धाकट्या भावाचं तोंड बघितलं आणि डब्यासकट पुढच्या सीटवर चढून बसली. ड्रायव्हरला म्हणाली, "वळव." माझ्या कानाचा फोन तिने ओढून घेतला. "तुझी मुंबई पाच तासांवर हाय. याच्याकडं पाच तास हायत काय, ते तू सांगनार?" दादा काय बोलला ते कळलं नाही, कारण तिने फोन बंद न करता पदरात गुंडाळून टाकला होता.

तिने नेलं ते आठ खाटांच्या एका साध्या दवाखान्यात. डॉक्टरांनी लगेच कार्डिओग्राम काढला, इंजेक्शनं दिली. दुपारी बाहेर येऊन म्हणाले, "धोका टळलाय. पण पुढचं माझ्याच्याने होण्यासारखं नाही. आता अँब्युलन्सने मुंबईला न्या." मी अँब्युलन्स शोधायला धावले. आत्या मात्र खूश. "आपलं कुठं सपतं ते ज्याला वेळेवर बोलता येतं, तो डॉक्टर," ती म्हणाली. आबा आज मिठावरून आईशी भांडतात, म्हणजे ठणठणीत आहेत.

गेल्या साली तिच्याच पोटात गाठ निघाली. त्याच डॉक्टरांनी, आणि मुंबईत तिचे कागद बघितलेल्या डॉक्टरांनीही, सरळ सांगितलं की आजार पसरलाय, आता फक्त त्रास कमी ठेवता येईल. दादा तरी मुंबईलाच हटून बसला. आत्याने विचारलं, "तिथं माझा डबा कोन आननार?" तो म्हणाला, तिथे कँटीन आहे. "कँटीनला माझं नाव ठाव हाय काय? जिथं आपलं मानूस रोज येऊ शकतं, तोच आपला दवाखाना." आणि ती आठ खाटांतल्या एका खाटेवर जाऊन पडली.

मी महाडलाच पंचायत समितीत नोकरीला. सकाळी डबा ठेवायचे, सुटल्यावर घ्यायला जायचे. माझ्या हाताला चव नाही हे जगजाहीर आहे. आत्या रोज संध्याकाळी उलटतपासणी घ्यायची. आज मीठ फार, आज भाकरी करपली, आज भाजी कच्ची. पण डबा रोज रिकामा, पुसल्यासारखा. मी दवाखान्याच्या दारातच तो कानाशी धरून हलवायचे आणि तरंगत घरी जायचे. दादाला मी फोनवर ठणकावून सांगितलं, डॉक्टर चुकतात, डबा चुकत नाही. भातलावणीच्या आत आत्या घरी येणार, असं मी धरूनच चालले होते.

एका दुपारी ती गेली. मी भांडी, चादर गोळा करत होते. शेजारच्या खाटेवर तळीयेकडची एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. तिने माझा हात धरला.

"बाय, तुझ्या आत्यानं मला शपथ घातली व्हती. पयल्या दिसापासनं तुझा डबा मी खाते. तिला दोन चमचे पेज पन उतरत नव्हती."

मी म्हटलं, "अहो, पण मीठ जास्त झालेलं तिला कसं कळायचं?"

"मला इचारून ठेवायची. बोलायची, पोर दमून येते, डबा हलवून बघते. तिला रिकामाच मिळाया पायजे."

मी त्याच खाटेवर बसून पोटभर रडले. जन्मभर डबा हलवून खरं सांगणारी बाई माझ्याशीच खोटं बोलली, म्हणून मला तिचा रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या बाईला डबा नेऊ लागले. आठवड्याने ती बाई आपल्या पायांनी चालत घरी गेली. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या दारात मी डबा हलवून बघितला. रिकामा होता. आत्याचं खरंच होतं, दवाखाना बरा होता.